इंद्रभानचा डावा कान

पडदा वर जातो तेव्हा समोर मांडव आहे. बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी, तिच्यातून गळून सतरंजीवर ठिपक्यांनी पडलेलं चैत्राचं ऊन. मागे मारुतीचं देऊळ, मूर्तीच्या अंगावर ताजा शेंदूर. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मधोमध एका ओळीत मांडलेल्या बाजाच्या पेट्या. प्रत्येक पेटीमागे एक वादक, धुतलेला सदरा, कपाळी बुक्का. ओळीच्या टोकाला मांडी घालून बसलेला एक सडसडीत म्हातारा, खांद्यावर दुपट्टा, छातीच्या खिशात पेनाच्या जागी बारीक कानस. हाच आपला नायक. याचं नाव इंद्रभान.

स्थळ कामरगावजवळची एक वस्ती. सप्ताहाचा शेवटचा दिवस. या वस्तीत एक रीत आहे, ती मी इतकी गावं हिंडले तरी दुसरीकडे पाहिली नाही. काल्याच्या कीर्तनाआधी आजूबाजूच्या भजनी मंडळांच्या सगळ्या पेट्या एका ओळीत बसवतात आणि सगळ्या मिळून एकच सा धरतात. तिला म्हणतात पेट्यांची पंगत. जेवणाच्या पंगतीत शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, तसा पंगतीचा सा लागल्याशिवाय इथे कीर्तनकार उभा राहत नाही.

आणि तो सा! मी आयुष्यभर रंगभूमीवर गायले, पण असा सा मला कुठल्या थिएटरात मिळाला नाही. एवढ्या पेट्या आणि आवाज एका पेटीचा. कारण त्या सगळ्या एकाच हाताने सुरात लावलेल्या. कामरगावपासून कारंज्यापर्यंत, आणि बायकोच्या माहेरामुळे थेट मेडशीपर्यंत, भजनाची पेटी बिघडली की ती इंद्रभानकडेच येते. तो पंगतीचा यजमान. वर्षातून एकदा त्याचं सगळं काम एका ओळीत बसतं आणि गाव ते ऐकतं.

मी दिवाळीपासून नागपूरला मुलीकडे होते. पंगतीसाठी म्हणून परत आले आणि कारंज्याहून सकाळच्या एसटीने मांडवात येऊन बसले. इंद्रभानने मला पाहिलं, हात जोडले, मग उजवा हात वर केला. भाते हलले.

मी डोळे मिटून घेतले होते. ते उघडले, कारण मला वाटलं काहीतरी कोसळलं.

वरचे सूर जागेवर होते. त्यांच्या खालचा खर्ज, म्हणजे ज्या जाड सुरांवर पेटी उभी असते तो सगळा पायाच, जागचा हलला होता. एका पेटीचा थोडा उतरलेला, दुसरीचा जास्त, तिसरीचा आणखी कुठेतरी. सगळे खर्ज एकमेकांवर घासत होते. पुढे बसलेल्या एका बाईने पदर कानावर घेतला. कीर्तनकार चिपळ्या हातात धरून नुसते बघत राहिले. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा नव्हता.

‘थांबा, थांबा!’ इंद्रभान उठला. चेहरा पांढरा पडलेला. ‘हे काय करून राह्यले रे तुमी?’

‘आमी काय करू?’ तांड्यावरच्या मंडळाचा मोहनसिंग म्हणाला. ‘पट्टी दाबली, भाता हालवला. बाकी तुमचं तुमी पाहा.’

इंद्रभान ओळीने निघाला. एकेका पेटीपाशी उकिडवा बसायचा, डावा कान तिच्यावर टेकवायचा, सा वाजवायला सांगायचा, मान हलवायचा. ही बरोबर. हीबी बरोबर. शेवटी मेडशीच्या पेटीपाशी आला. तिच्यामागे त्याचा मेहुणा देवानंद. तिथे इंद्रभानने डावा कान लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

‘ही चढली! खर्ज चढला हिचा. ही एकटी सगळ्यायले बिघडवून राह्यली.’

‘भाऊजी, दिवाळीच्या आंधी तुमीच लावली ना ही. तवापासून कोनी खोललीबी नाई.’

‘म्हनून तं चढली. पाहुनचार नाई केला तुमी तिचा.’

लोक हसले. मला हसू आलं नाही. मेडशीची पेटीच तेवढी जागेवर होती. बाकी सगळ्या खाली घसरल्या होत्या. हे मला दिवसाच्या उजेडासारखं स्पष्ट ऐकू येत होतं. म्हातारपणी माझ्या कानांतून चिमण्यांची चिवचिव गेली, डासाची भुणभुण गेली, पण खर्ज अजून शाबूत आहे.

मी म्हणाले, ‘इंद्रभान, मेडशीची बरोबर आहे.’

तो माझ्याकडे मायेने बघत राहिला. ‘बाई, तुमी कोनालेबी चांगलंच म्हनता. आपल्या नाटक कंपनीत पडदा ओढनारा गाये, तं त्यालेबी तुमी ‘वा’ म्हना. तुमचा सभाव हाय थो.’

सगळा मांडव पुन्हा हसला. आणि इंद्रभानने देवानंदची पेटी आपल्याकडे ओढली, वरची फळी उचलली, खर्जाच्या सा ची आतली पितळी पट्टी, जिच्या थरथरण्यातून सूर निघतो ती, उघडी केली आणि खिशातली कानस काढली. पट्टीच्या बुडाशी दोन-तीनदा फिरवली. पितळेची चमकती भुकटी सतरंजीवर पडली. मी हात पुढे केला, पण मधे किती माणसं बसलेली.

त्यानंतर जे झालं ते मी रंगमंचावर शेकडो वेळा पाहिलेलं आहे. तलवार लागली की नट पडतो. पण नट पडताना हात टेकतो, मांडी सावरतो. इंद्रभान कोणीतरी मागून जोरात ढकलल्यासारखा, बसल्या जागेवरून आडवा झाला. डोकं पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. शुद्ध गेली नव्हती. डोळे सताड उघडे, आणि त्यांतली बुबुळं एका बाजूला सरकत होती, झटक्याने परत येत होती, पुन्हा सरकत होती. दोन्ही मुठींत त्याने सतरंजी गच्च धरली होती.

‘धरा! धरा मले! जमीन फिरून राह्यली!’

तीन-चार जणांनी धरलं. धरलेला माणूस जागचा हलत नव्हता, तरी तो ओरडत होता की मी पडून राह्यलो. मग त्याला उलटी झाली.

बायकांमधून गोमतीबाई धावल्या. इंद्रभानची बायको, ठेंगणी, कामसू, तोंडाने फटकळ. हातात पाण्याची बाटली तयारच होती. लिंबू, साखर आणि मीठ.

‘सरका, सरका! ऊन लागलं यायले. दरखेपी असंच होते. मीठ जरा जास्तच टाकलं, आता बरं वाटन.’

दरखेपी? मी चपापले. ‘गोमतीबाई, हे कधीपासून?’

‘दिवाळीपासून.’

‘दिवाळीत कुठलं ऊन हो?’

बाटली त्याच्या ओठाला लावून त्या माझ्याकडे वळल्या. ‘मंग काय म्हनू बाई? पह्यले पित्त म्हनलं. मंग एकादशीचा उपास म्हनला. मंग संक्रातीपासून ऊनच धरलं. मानसाले चक्कर आली तं कायनं येते? आंगातलं मीठ कमी झाल्यानं. वावरात बाया पडतात तं आमी मीठ-साखरच पाजतो, अन् उठून निंदाले लागतात त्या.’

इंद्रभानला देवळाच्या ओसरीवर नेऊन निजवलं. सूर्य कलायला लागला तेव्हा त्याला डोळे स्थिर ठेवता आले. पंगत मोडली ती मोडलीच. कीर्तन टाळ-मृदंगावर झालं. हा माणूस पंगत अर्धी टाकून आडवा पडला आहे, आणि त्याच्या सगळ्या पेट्या बेसूर आहेत, हे माझ्या डोक्यात शिरेना.

शिरेना, कारण मी त्याला फार पूर्वीपासून ओळखते.

आमची नाटक कंपनी कापसाच्या हंगामात कारंज्याला मुक्काम टाकायची. छोट्या रेल्वेच्या स्टेशनावरून पडदे, पेटारे आणि राजाचं सिंहासन बैलगाडीवर लादून आणणारा जो तरणाबांड गडी, तो इंद्रभान. सिंहासनावर स्वतः बसून बैल हाकायचा. रस्त्यातली माणसं मुजरा करायची आणि हा तो स्वीकारायचा. एकदा सामान उतरवताना आमचे ग्यानबा मास्तर पेटी वाजवत बसले होते. इंद्रभान पेटारा खांद्यावर ठेवूनच थांबला आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमच्या पेटीतला एक सूर दम लागल्यावानी बोलते.’ मास्तरांनी पेटी उघडली. पितळी पट्टीखाली पाकोळीचा पंख अडकलेला होता. मास्तरांनी त्याला त्या दिवसापासून सोडलंच नाही.

पुढे तो विंगेत पेटी घेऊन बसायला लागला. माझ्या प्रवेशाआधी तो मला सा द्यायचा. हळूच, एकदाच, फक्त मला ऐकू जाईल एवढा. समोर प्रेक्षक शिट्ट्या मारताहेत, माझे पाय लटपटताहेत. आणि तो सा कानात पडला की पायाखाली फळी आहे हे कळायचं. माझ्या गाण्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यातला निम्मा वाटा त्या एका सा चा होता, हे मी तेव्हाही सांगत असे आणि आजही सांगते.

कंपनी बसली. मास्तर गेले, जाताना आपली कानस त्याला देऊन गेले. इंद्रभान गावी सोयाबीन आणि तूर करायला लागला, आणि पडवीत पेट्या लावायला.

त्याची पेटी लावायची पद्धत मला पाठ आहे, कारण तासन्‌तास मी तिथे चहा पीत बसले आहे. उजवीकडे मास्तरांची जुनी पेटी. तिला तो म्हणतो मायपेटी. तिचा सूर खरा. डावीकडे दुरुस्तीला आलेली. तिला म्हणतो आजारी. उजव्या कानाने माय ऐकायची, डाव्या कानाने आजारी. दोन्ही एकदम कधी वाजवायच्या नाहीत. ‘दोघी एका वक्ती बोलल्या की एकमेकीले झाकतात, बाई. सासू-सुनेवानी.’ आधी उजवीकडे सूर ऐकायचा, मनात धरायचा, मग डावीकडचा वाजवून ताडायचा. आजारी सूर चढलेला असेल तर पट्टी बुडाशी घासायची, की तो उतरतो. उतरलेला असेल तर टोकाशी घासायची, की चढतो. हात मात्र जपून चालवायचा. घासलेलं पितळ परत लागत नाही.

गावात कोणी मोबाईलवर सूर दाखवणारं यंत्र आणलं तर तो हसायचा. ‘त्याले कान कुठी हाय?’

असा हा माणूस. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला, आणि त्याच्या मुलाला, लखनला, म्हटलं की चल, वाशीमला कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवू. कानाच्या का, डोक्याच्या का नाही, असं लखनने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मनात त्या पंगतीचा खर्ज आहे, दुसरं काही नाही. इंद्रभान तयार नव्हता.

‘माह्या कानाले काय धाड भरली? गच्च होते कधी कधी, कापूस कोंबल्यावानी. अन् थ्रेशर चालते आत, घर्रर करून. चक्कर येऊन गेली की थोबी बंद होते. बाकी कान बराबर हाय.’

‘डाव्यात का उजव्यात?’

त्याने जरा विचार केला. ‘डाव्यात.’

बस त्या दिवशी वाशीमपर्यंत खचाखच भरलेली होती. गोमतीबाईंनी मीठ-लिंबाची बाटली बरोबर घेतली होती आणि वाटेत दोनदा त्याला पाजली.

डॉक्टरीणबाई तरुण, शांत. आधी सगळं ऐकून घेतलं. बंद खोलीत बसवून, कानावर ऐकायचं यंत्र लावून तपासणी झाली. मग त्यांनी टेबलावरून पोलादी सूरकाटा उचलला, दोन पायांचा, चिमट्यासारखा. कोपरावर आपटला आणि इंद्रभानच्या उजव्या कानाशी धरला.

‘काका, ऐकू येतंय?’

‘येते. साजरा काटा हाय.’

त्यांनी तो डाव्या कानाशी धरला. ‘आणि हा? कमी येतो का जास्त?’

‘कमी येते. पन बाई, दोन काटे कायले वापरता? हा दुसरा सुरात चढेल हाय. फेकून द्या याले.’

डॉक्टरीणबाईंचा हात तसाच राहिला. लखन एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघायला लागला.

‘काका,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘काटा एकच आहे.’

इंद्रभान हसला. मग हसणं थांबलं. त्याने हात पुढे केला आणि काटा मागून घेतला. स्वतःच्या गुडघ्यावर आपटला. उजव्या कानाशी नेला. मग डाव्या. पुन्हा आपटला. उजवा, डावा. काटा उलटा करून बघितला, जणू त्याच्यात दुसरा काटा लपवलाय. पुन्हा आपटला. मी किती राजे रंगमंचावर राज्य गमावताना पाहिले, त्यांत एकाचाही चेहरा असा नव्हता. त्यांना रडायचं माहीत होतं. याला काय करायचं तेच कळत नव्हतं.

‘थांबा,’ तो म्हणाला. ‘थांबा. मंग दिवाळीपासून म्या जेवढ्या पेट्या...’

न बोललेलं पुढचं गोमतीबाईंनी ऐकलं आणि भिंतीचा आधार घेतला.

डॉक्टरीणबाईंनी मग कानाचं चित्र दाखवून समजावलं. मला जसं कळलं तसं सांगते. कानाच्या पार आत, हाडात, गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार पोकळी आहे. तिच्यात दोन प्रकारचं पाणी आहे. बाहेरचं खारट, मिठाचं, म्हणजे सोडियमचं. आतलं पोटॅशियमचं. मधे अगदी पातळ पडदा. आतल्या पाण्यात केसांसारखे बारीक तंतू उभे असतात. आवाज आला की ते डोलतात, पोटॅशियम त्यांच्यात शिरतं, आणि त्या धक्क्याने मेंदूला निरोप जातो. ऐकणं म्हणजे हेच. आणि शेजारीच, त्याच पाण्याच्या जोरावर, तोल सांभाळणारा भाग काम करतो.

‘पोटॅशियम?’ लखन मधेच म्हणाला. ‘म्हंजे आपन तुरीले टाकतो थे पोटॅश?’

‘त्याच घरातलं. तुमच्या कानातही आहे, माझ्याही.’

‘पाह्य वं माय! बाबाच्या कानात खत!’

कोणी हसलं नाही. लखनला स्वतःलाच कसंतरी झालं.

‘काकांच्या डाव्या कानात आतलं पाणी फुगतं,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘म्हणून कान गच्च होतो, घरघर होते. आमच्यात असं मानतात की ते फार फुगलं की पडदा ताणून कुठेतरी फाटतो, आणि पोटॅशियम बाहेरच्या पाण्यात मिसळतं. ते तिथे असायला नको. तिथल्या नसा त्यात भिजल्या की बधिर होतात. एका बाजूचा तोलाचा निरोप एकदम बंद पडतो, आणि मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. मग पडदा जुळतो, पाणी आपापल्या जागी जातं, चक्कर थांबते. पण दरवेळी काही तंतू मरतात. सुरुवातीला बहुतेक जाड आवाजाचेच. आणि जे उरतात त्यांना सूर बदललेला ऐकू येऊ शकतो.’

मी थक्क होऊन बसले होते. आमच्या रंगभूमीवर मधला पडदा फाटला की मागचं जंगल पुढच्या राजवाड्यात दिसायला लागायचं, प्रेक्षक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पडदा शिवून व्हायचा. इथे इंद्रभानच्या कानात, दाण्याएवढ्या जागेत, तोच घोटाळा होत होता आणि बाहेर एवढ्या देवळांतला खर्ज सरकत होता.

‘मंग यायच्या रक्तातलं पोटॅश मोजा ना,’ गोमतीबाई म्हणाल्या. ‘कमी असन तं केळं चारतो, नारळपानी पाजतो.’

‘मोजू आपण. पण रक्तात बहुतेक ठीकच निघेल. किती आहे हा प्रश्न नाही, मावशी. ते आपल्या खोलीत राहत नाही, हा प्रश्न आहे. खाण्यात तुम्ही करायचं ते एकच. मीठ कमी. मिठाने शरीरात पाणी साठतं, आणि कानातही दाब वाढू शकतो.’

गोमतीबाईंची नजर आपल्या पिशवीवर गेली. बाटली बाहेर डोकावत होती. ‘म्या तं... चक्कर आली का मीठ. उठला का मीठ. भाजीतबी जरा जास्तच, आंगाले लागन म्हनून...’

‘तुमच्या मिठाने हा आजार झाला नाही. त्याचं मूळ कारण आम्हालाही नीट माहीत नाही. फक्त आता थांबवा.’

‘म्या माह्या हातानं पाजलं हो यायले.’ त्यांनी बाटली काढून खिडकीतल्या कुंडीत रिकामी केली. मग भानावर आल्या आणि घाबरल्या. ‘बाई, तुमचं झाड मरन का?’

गोळ्या मिळाल्या, डोक्याचा मोठा फोटो काढायला सांगितलं, दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. इंद्रभानने शेवटी एकच विचारलं.

‘सूर परत जागेवर येईन का?’

‘कमी-जास्त होत राहील. आज चढलेला वाटेल, उद्या बरोबर वाटेल. डाव्या कानावर भरवसा ठेवू नका. उजवा आज चांगला आहे.’

‘आज,’ तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला टेकून बसला. मालेगाव गेलं, शेलू गेलं, कारंजा आलं, तो बोटांवर पेट्या मोजत होता. मला वाटलं होतं तो पेट्यांचं काम सोडतो म्हणून सांगेल. किंवा गप्प राहील. कारण गावात कोणाला खरं कारण माहीत नव्हतं. हवेने खर्ज उतरले, उंदरांनी भाते कुरतडले, असं काहीही सांगता आलं असतं, आणि लोकांनी मानलं असतं. एवढ्या वर्षांचा शब्द होता त्याचा. तो शब्द राहणार की जाणार, हे आता त्याच्याच हातात होतं. मी उतरताना तो म्हणाला, ‘बाई, आयतवारी या.’

आयतवारी मी गेले आणि अंगणातच थबकले. अंगणभर पेट्या. लखनकडून सगळ्या मंडळांना फोन करवून त्याने बोलावून घेतलं होतं. कडुनिंबाखाली माणसं उभी, काही चिडलेली, बहुतेक गोंधळलेली. देवानंद मेडशीहून आलेला. इंद्रभान पडवीच्या कठड्याला धरून उभा राहिला. आता तो धरल्याशिवाय उभा राहत नाही.

‘या पेट्या म्या बिघडवल्या,’ तो म्हणाला. ‘दिवाळीपासून माहा डावा कान खोटं सांगून राह्यला, अन् म्या त्याचं ऐकून पितळ घासत बसलो. मले चढेल वाटे, म्हनून उतरवलं. मेडशीची एकटी बराबर होती, तिलेबी पंगतीत कानस लावली. बाईनं सांगतलं, तरी म्या मानलं नाई.’

देवानंद खाली मान घालून पेटीच्या फळीवरून बोट फिरवत होता.

मग मोहनसिंगने घसा खाकरला. ‘म्हंजे इंद्रभानभाऊ, आमी पूर्ण हिवाळा देवाले बेसूरच भजन आयकवलं?’

‘हो.’

‘अन् मारुती उठून नाई गेला?’

हशा पिकला. मोठा, सुटका झाल्यासारखा. इंद्रभान मात्र हसला नाही.

‘ज्या सुरात जीव असन थो पुन्हा लावीन,’ तो म्हणाला. ‘ज्याचं पितळ संपलं असन त्याले नवी पट्टी बसवू. ज्याले माह्यावर भरवसा नसन त्यानं आपली पेटी उचलून न्यावी. माहा राग नाई.’

आतून गोमतीबाईंचा आवाज आला. ‘चहा सगळ्यायले हाय. अन् शेंगदाने हायेत, पन आळनी. आता या घरात सगळंच आळनी हाय, ज्याले नाई पटन त्यानं खिशात मीठ घेऊन यावं!’

दोघांनी पेट्या उचलल्या. त्यातला एक फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि पेटी होती तिथे ठेवून दिली. दुसरा गेला.

मग तो कामाला बसला. पहिली पेटी मेडशीची घेतली. पडवीतली मांडामांड बदललेली होती. मायपेटी आणि आजारी, दोन्ही उजवीकडे. डाव्या कानात तेलात बुडवलेला कापूस. आणि समोर, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, पाट मांडलेला. तो पाट माझ्यासाठी होता.

‘बसा बाई. माह्या उजव्याचा भरवसा आजच्यापुरता हाय. दुसरा कान लागते.’

मी बसले. मायपेटीवर त्याने खर्जाचा सा धरला. विंगेत द्यायचा तसा, हळूच. मग मेडशीचा वाजवला. उतरलेला होता, त्या दिवशीच्या कानसेने. त्याने पट्टीचं टोक धरलं. पट्टी आता पातळ झाली होती. टोकाशी एक हात जास्त पडला की ती कायमची गेली, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याने श्वास रोखून कानस एकदा फिरवली. वाजवलं. पुन्हा एकदा, अगदी हलकी. वाजवलं.

देवानंद वाकून बघत होता. इंद्रभानने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत एवढी आशा, की माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘वा!’

सूर अजून केसभर खाली होता.

त्याने कानस मांडीवर ठेवली आणि म्हणाला, ‘बाई, ‘वा’ नका म्हनू. उतरलं असन तं उतरलं म्हना.’